फोटोंची चळत आणि फोटोंचा पसारा: स्लाइड शोमध्ये दोन्ही खरे कसे वाटतील

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमासाठी ४० फोटोंचा स्लाइड शो करायचा आहे. जुने फोटो टेबलावर एकेक करून टाकावेत, तसे ते पडद्यावर एकमेकांवर पडत जायला हवेत. पॉवरपॉइंटमध्ये करून पाहिलं, पण तीन अडचणी आल्या. फोटो टेबलावर पडल्यासारखे न वाटता काळ्या पडद्यावर चिकटवल्यासारखे वाटतात. तिरक्या फोटोंच्या कडा करवतीसारख्या दिसतात. आणि तिसाव्या फोटोच्या आसपास सगळं अडखळायला लागतं.

मी बरीच वर्षं असे शो करते आहे आणि या तिन्ही अडचणींतून गेले आहे. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्ही सुटतात. पण आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ढीग खरा वाटायला फोटो नुसते वेडेवाकडे ठेवून भागत नाही. हा कागद आहे, त्याला वजन आहे आणि वर कुठेतरी एकच दिवा आहे, एवढं डोळ्याला पटावं लागतं. ते पटलं तर पाच फोटोंचा ढीगसुद्धा खरा वाटतो. नाही पटलं तर पन्नास फोटो कितीही विस्कटा, स्टिकरच दिसतात.

आणि ठरवा, तुम्हाला चळत हवी आहे की पसारा? दोन्हींची रीत वेगळी आहे. चळत म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखी: फोटो एकाच जागी, कोन जेमतेम २ ते ३ अंशांचा, सरक १०–१५ पिक्सेलची, आणि नजर फक्त वरच्या फोटोवर. पसारा म्हणजे सगळं टेबल भरलेलं, नजर फिरत राहते. माणसाच्या आयुष्याचा प्रवास दाखवताना मी चळतीने सुरुवात करते आणि शेवटाकडे पसाऱ्यात जाते. चळत एकेका फोटोकडे थांबून बघायला लावते, तर पसारा ‘किती काय काय झालं’ हे एका नजरेत दाखवतो.

तुमच्या पहिल्या अडचणीचं मूळ बॅकग्राउंडमध्ये आहे. काळ्यावर काळी सावली दिसणार कशी? तुम्ही शॅडो लावली असेलही, पण तिला पडायला जागाच नाही. सावली नाही म्हणजे उंची नाही, आणि उंची नाही म्हणजे ढीग नाही. बॅकग्राउंड मध्यम गडद घ्या. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५ पैकी ९० ते ११०च्या आसपास, लाल किंचित जास्त, म्हणजे राखाडी रंगाला थोडी ऊब येते. यावर पांढरी किनारही उठून दिसते आणि काळी सावलीही. लाकडी टेबलाचं चित्र वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. ठळक रेषांचं लाकूड फोटोंशी भांडतं. वापरायचंच असेल तर ते थोडं ब्लर करा आणि कॉन्ट्रास्ट निम्म्यावर आणा.

किनार पूर्ण पांढरी ठेवू नका. २५५ ऐवजी २५०, २४८, २४२ असा किंचित मळका पांढरा घ्या. फोटोत ढगाळ आभाळ किंवा पांढरा शर्ट कडेला आला असेल तर शुद्ध पांढऱ्या किनारीत तो विरघळून जातो, आणि कागद कुठे संपला तेच कळत नाही. किनारीची जाडी फोटोच्या लांब बाजूच्या ३ ते ४ टक्के पुरते. पोलरॉइडचा, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच छापून बाहेर येणाऱ्या फोटोचा, भास हवा असेल तर खरी मापं पाळा. १९७२ साली एसएक्स-७० कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पोलरॉइडच्या प्रिंटचं बाहेरचं माप साधारण ८८ × १०७ मिलिमीटर आणि आतलं चित्र ७९ × ७९ मिलिमीटर. म्हणजे डावी-उजवीकडे जेमतेम साडेचार मिलिमीटर पांढरं, आणि वर-खाली मिळून २८ मिलिमीटर, त्यातलं बहुतेक खाली. चित्र चौकोनी हवं हे विसरलं जातं. आडव्या फोटोला खाली जाड पट्टी लावली की ते पोलरॉइड होत नाही, नुसतं बेढब दिसतं.

आता सावली. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. टेबलावर पडून असलेल्या फोटोची सावली छोटी असते, घट्ट असते, कागदाला लगटून असते. १९२० × १०८० च्या पडद्यासाठी अंतर ४ ते ६ पिक्सेल, ब्लर १२ ते १५ पिक्सेल, गडदपणा ४० ते ४५ टक्के. पॉवरपॉइंटमध्ये गडदपणाऐवजी ट्रान्सपरन्सी असते, म्हणून तिथे ५५ ते ६० भरा. अंतर २०–२५ पिक्सेल केलं की फोटो हवेत तरंगतो. बहुतेक तयार टेम्प्लेटमध्ये नेमकं हेच झालेलं असतं.

सावलीतली दुसरी चूक जरा लपलेली असते. आधी सावली लावून, पीएनजी (पारदर्शक भाग सांभाळणारी चित्राची फाइल) करून, मग फोटो फिरवला तर सावलीही त्याच्याबरोबर फिरते. एक फोटो १० अंश डावीकडे आणि दुसरा १० अंश उजवीकडे कलला, की दोघांच्या सावल्यांत २० अंशांचा फरक पडतो. उभा फोटो आडवा फिरवला असेल तर फरक थेट ९० अंशांचा होतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण दिवा एकच आहे यावरचा विश्वास उडतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी किनार, मग फिरवणं, सगळ्यात शेवटी सावली. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉप शॅडो हा सावलीचा इफेक्ट लेयर फिरण्याच्या आधी लागतो, त्यामुळे तिथेही हीच गत होते. तिथे फिरवलेला लेयर प्रीकॉम्पमध्ये (लेयर गुंडाळून ठेवणाऱ्या वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये) टाकून सावली प्रीकॉम्पला लावायची. हे सगळं जमण्यासारखं नसेल तर सोपी पळवाट आहे. अंतर २–३ पिक्सेलच ठेवा आणि ब्लर थोडा वाढवा. सावली चारही बाजूंनी जवळजवळ सारखी पसरते, मग तिची दिशा कुणाच्या लक्षात येत नाही.

फोटो पडतो कसा, ते जरा जवळून बघू या. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर मी एका फोटोच्या पडण्याला १५ फ्रेम देते, म्हणजे ०.६ सेकंद. पहिल्या फ्रेमला फोटो त्याच्या शेवटच्या आकाराच्या १३० टक्के, शेवटच्या कोनापेक्षा साधारण १० अंश जास्त कललेला. त्या वेळी त्याची सावली दूर असते, ५०–६० पिक्सेलवर, खूप पसरलेली आणि फिकी, १५ टक्क्यांची. आठव्या-नवव्या फ्रेमपर्यंत तो १०५ टक्क्यांवर येतो आणि सावली धावत त्याच्याकडे येते. बाराव्या फ्रेमला कागद टेकतो. उरलेल्या तीन फ्रेममध्ये तो ४–५ पिक्सेल सरकतो आणि अर्धा-एक अंश वळून थांबतो. हे शेवटचं सरकणं कागदाची खरी खूण आहे. कागद आणि टेबल यांच्यामध्ये हवेचा पातळ थर अडकतो, म्हणून टाकलेला कागद जागच्या जागी न थांबता थोडा घसरतो. एखादा फोटो हातातून टेबलावर टाकून बघा, लगेच दिसेल.

त्यामुळे वेग सुरुवातीला जास्त आणि शेवटी हळू हवा. सॉफ्टवेअरमध्ये याला ईझ आउट किंवा स्मूथ एंड म्हणतात. बाउन्स कधीही लावू नका. चेंडू उसळतो, कागद उसळत नाही. सगळे फोटो वरून सरळ खाली आणू नका. टाकणारा हात एका बाजूला असतो, म्हणून बहुतेक फोटो एकाच दिशेने यावेत, समजा खालच्या उजव्या कोपऱ्यातून, आणि प्रत्येकाची वाट थोडी वेगळी. चारही बाजूंनी फोटो यायला लागले की टेबलाभोवती चार माणसं बसलीत असं वाटतं.

पॉवरपॉइंटमध्ये हे दोन रस्त्यांनी होतं. जुना रस्ता म्हणजे फ्लाय इनला स्मूथ एंड द्यायचा आणि त्याच्याबरोबर स्पिन आणि ग्रो/श्रिंक ‘विथ प्रीव्हियस’ लावायचे. यात एक मेख आहे. स्पिन आणि ग्रो/श्रिंक फोटोच्या मांडलेल्या स्थितीपासून पुढे मोजतात, तुम्ही जिथे मांडलात तिथे आणून सोडत नाहीत. शेवटी फोटो ४ अंश डावीकडे कललेला हवा असेल तर तो ६ अंश उजवीकडे कलवून मांडा आणि स्पिनला घड्याळाच्या उलट १० अंश द्या. आकाराचंही तसंच: १३० टक्क्यांचा फोटो मांडा आणि ७७ टक्क्यांवर आणा. लहान मांडून मोठा करू नका, तो धूसर होतो. या पद्धतीने काम होतं, पण एडिट करताना स्लाइडवर सगळे फोटो मोठे आणि चुकीच्या कोनात दिसतात, आणि ४० फोटोंत डोकं फिरतं.

मी तुम्हाला दुसरा रस्ता सुचवेन: मॉर्फ. तो पॉवरपॉइंट २०१९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत, तसंच मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. एका स्लाइडवर नवा फोटो पडद्याच्या बाहेर, मोठा आणि जास्त कललेला ठेवा. स्लाइडची डुप्लिकेट काढा. दुसऱ्या स्लाइडवर तोच फोटो त्याच्या जागी, योग्य आकारात आणि कोनात ठेवा, आणि या दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ ट्रान्झिशन लावून वेळ ०.७ ते ०.८ सेकंद करा. आकार, कोन आणि जागा तिन्ही एकदम बदलतात आणि आधी पडलेले फोटो जागचे हलत नाहीत. नवा फोटो बाहेर असतानाच थरांमध्ये सगळ्यात वर हवा. ऑल्ट आणि एफ१० दाबून सिलेक्शन पेन उघडा आणि प्रत्येक फोटोला नाव द्या. नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारवाचक चिन्हं टाकली आणि दोन्ही स्लाइडवर नाव सारखं ठेवलं तर मॉर्फची जोडी लावण्यात चूक होत नाही. किनारीसाठी फोटोखाली वेगळा पांढरा चौकोन ठेवला असेल तर दोघांना ग्रुप करायला विसरू नका, नाहीतर फोटो आपल्या किनारीतून बाहेर पडून धावताना दिसतो. ॲपलचं कीनोट वापरणाऱ्यांसाठी हेच काम मॅजिक मूव्ह करतो.

पिक्चर स्टाइल्समधली ‘रोटेटेड, व्हाइट’ ही तयार स्टाइल मात्र टाळा. ती सगळ्या फोटोंना एकाच बाजूला तेवढंच कलवते. दहा फोटो एका कोनात कललेले दिसले की ढिगाचा भास तिथेच संपतो.

दुसरी अडचण, करवतीसारख्या कडा. पडदा चौकोनी ठिपक्यांचा बनलेला आहे, त्यामुळे जवळजवळ आडवी रेघ काढायची म्हणजे पायऱ्या आल्याच. १ अंशाच्या कोनाला दर ५७ पिक्सेलला एक पायरी येते, ६ अंशांना दर साडेनऊ पिक्सेलला. लांब-लांब पायऱ्या डोळ्याला सापडतात, जवळजवळच्या मिसळून जातात. म्हणून पसाऱ्यात दीड अंशाच्या आतले कोन टाळा. तसाही इतका बारीक कल बघणाऱ्याला चूकच वाटतो, ‘हा सरळ ठेवायचा राहिला का?’ असा. चळतीत बारीक कोन लागतातच. तिथे आणि एकूणच उपाय असा की फोटो जेपीईजीऐवजी पीएनजी करा आणि किनारीच्या बाहेर चारही बाजूंनी २–३ पिक्सेल पारदर्शक पट्टी सोडा. जेपीईजीत पारदर्शकता नसते, त्यामुळे चित्राची कड म्हणजे फाइलची कड, आणि बरेच प्रोग्राम फिरवताना फाइलची कड मऊ करत नाहीत. आतली कड मात्र व्यवस्थित मऊ करतात. पीटीई एव्ही स्टुडिओ या स्लाइड शोच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा फोटो लहान करून दाखवताना कडा आणि बारीक नक्षी चमचमते. तिथे त्या फोटोला मिपमॅपिंग (फोटोच्या आधीच लहान केलेल्या प्रती वापरणं) चालू करा, चमचम बसते.

तिसरी अडचण, अडखळणं. डिस्कवर ५–६ एमबी दिसणारा जेपीईजी पडद्यावर येताना पूर्ण उघडला जातो. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकच फोटो ९६ एमबी, आणि ४० फोटो जवळपास ३.८ जीबी. ढिगात तर सगळे एकाच वेळी पडद्यावर असतात, साध्या स्लाइड शोसारखा एक गेला, दुसरा आला असं होत नाही. आता बघा, ढिगातला फोटो पडद्यावर ९०० पिक्सेल रुंद असेल आणि पडताना १३० टक्के असेल तर त्याला ११७० पिक्सेल पुरतात. १२०० × ८०० चा फोटो उघडल्यावर ३.८४ एमबीचा होतो. ४० फोटो मिळून १५४ एमबी. आधी सगळे फोटो या मापाला आणा, मग ते स्लाइडवर टाका. आत टाकून कोपऱ्यातून ओढून लहान केल्याने फाइलमधले पिक्सेल कमी होत नाहीत.

एवढ्यानेही मशीन दमत असेल तर दर ८–१० फोटोंनंतर ढीग गोठवा. म्हणजे तोपर्यंतच्या पूर्ण स्लाइडचं एक चित्र करा, पुढच्या स्लाइडला तेच बॅकग्राउंड म्हणून लावा, आणि त्यावर नवे फोटो टाका. बघणाऱ्याला काहीही कळत नाही, पण मशीनला दहाऐवजी एकच चित्र सांभाळावं लागतं. यात दोन ठिकाणी घसरायला होतं. विंडोजवर पॉवरपॉइंट नेहमीच्या १३.३३ × ७.५ इंचांच्या स्लाइडचं चित्र १२८० × ७२० चं काढतो. ते फुल एचडी पडद्यावर ताणलं की ढीग एकदम धूसर होतो आणि तो बदल ठळकपणे दिसतो. म्हणून काम सुरू करतानाच स्लाइडचं माप २० × ११.२५ इंच करा, म्हणजे चित्र १९२० × १०८० चं निघेल.

दुसरं, या सांध्यावर कुठलंही ट्रान्झिशन नको, थेट कट हवा. ‘सारखंच चित्र आहे, फेड केलं तर काय बिघडतं?’ असं वाटतं. पण खालचा थर १०० वरून शून्यावर आणि वरचा शून्यावरून १०० वर एकाच वेळी जात असेल, तर बरोब्बर मध्ये दोन्ही ५०–५० टक्क्यांवर असतात आणि मिळून ७५ टक्केच झाकतात. उरलेल्या २५ टक्क्यांतून मागचं दिसतं. म्हणजे सांध्यावर ढीग क्षणभर मंद होऊन पुन्हा उजळतो. व्हिडिओ एडिटरमध्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर फेड लावणाऱ्यांना ही लुकलुक नेहमी छळते. खालचा थर शेवटपर्यंत १०० वर ठेवा आणि फक्त वरचा आणा.

आता मांडणी. माझ्या मते शो घडतो किंवा बिघडतो तो इथेच.

पसारा सॉफ्टवेअरच्या रँडमवर सोडू नका. खऱ्या रँडममध्ये गठ्ठे होतात: एका कोपऱ्यात सहा फोटो, दुसरा कोपरा ओसाड. मनाला जो ‘सहज पसरलेला’ पसारा वाटतो, तो खरं तर बऱ्यापैकी सारखा पसरलेला असतो. माझी नेहमीची रीत अशी: पडद्याचे आडवे ५ आणि उभे ३ असे १५ खण मनात धरायचे, प्रत्येक खणात एक फोटो, आणि तो खणाच्या मध्यापासून खणाच्या एक तृतीयांशपर्यंत कुठेही ढकलायचा. पडण्याचा क्रम मात्र खणांच्या ओळीने नको. आधी मध्यभागी, मग डावीकडे वर, मग उजवीकडे खाली, अशा उड्या हव्यात.

मध्यापासून बाहेर सगळीकडे सारखा पसरत जाणारा गोल ढीग हवा असेल तर सूर्यफुलाच्या बियांची रीत वापरा. हेल्मुट फोगेल यांनी १९७९ साली मांडलेलं सूत्र फार सोपं आहे: प्रत्येक पुढचा फोटो आधीच्यापेक्षा १३७.५ अंश वळवून ठेवायचा, आणि मध्यापासूनचं अंतर त्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एकक ७० पिक्सेल धरलं तर पहिला फोटो ७० वर, चौथा १४० वर, नववा २१० वर, सोळावा २८० वर. पडदा आडवा असल्यामुळे आडव्या अंतराला दीडने गुणायचं. मध्यातले पहिले काही सोडले तर लागोपाठचे दोन फोटो शेजारी पडत नाहीत, म्हणून ताज्या फोटोला थोडा वेळ मोकळी जागा मिळते.

फिरवलेल्या फोटोला जागा जास्त लागते, हेही धरून चाला. १२०० × ८०० चा फोटो १० अंश कलला की तो सुमारे १३२० × ९९६ ची चौकट व्यापतो. उंची जवळजवळ २०० पिक्सेलनी वाढते, आणि मग वरचे-खालचे कोपरे पडद्याबाहेर कापले जातात. दोन-चार फोटो कडेवर कापले गेलेले चांगलेच दिसतात, टेबल पुढेही आहे असं वाटतं. पण ज्या फोटोत माणसं कडेला उभी आहेत, तो कापू नका.

कोनांना कसलाही हिशेब दिसू नये. डावा ५, उजवा ५, डावा ५ असं केलं की भिंतीवरच्या नक्षीसारखं दिसतं. बहुतेक फोटो ६ अंशांच्या आत, एखाद-दुसरा ११–१२ वर, लागोपाठ दोन-तीन एकाच बाजूला कललेले. समुद्र, इमारत, दाराची चौकट अशी ठळक सरळ रेघ असलेले फोटो कल लवकर दाखवतात, त्यांना ३ अंशांत ठेवा. एकट्या चेहऱ्याचा फोटो ८–१० अंश सहज सोसतो. आणि वडिलांचा जो फोटो सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, तो जवळजवळ सरळ पडू दे.

एका निरोप समारंभाचा शो मी केला होता, तेव्हाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. ज्यांचा समारंभ होता त्या बाईंच्या आईचा एकच फोटो घरात होता, कृष्णधवल, कोपरा दुमडलेला. ढिगात तो सुंदर पडला. तीन सेकंदांनी पुढचा फोटो आला आणि त्याचा कोपरा नेमका आईच्या चेहऱ्यावर टेकला. पुढची चार मिनिटं तो फोटो तिथेच होता, पण चेहरा झाकलेला. कार्यक्रमानंतर बाई माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “आईचा तो फोटो परत एकदा दाखवता येईल का?” मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

तेव्हापासून मी फोटो टाकायच्या आधी प्रत्येक चेहऱ्यावर एक लाल गोल काढते, वेगळ्या लेयरवर, शेवटी काढून टाकायला. पुढचा फोटो कुठे पडणार हे त्या गोलांकडे बघून ठरतं. आकाश, गवत, भिंत, गर्दीतली पाठमोरी माणसं झाकली तर चालतात. चेहरा झाकायचाच असेल तर त्याला आधी निदान चार सेकंद पूर्ण मिळालेले असावेत, आणि अर्धा चेहरा कधीच झाकू नका. एक डोळा दिसतोय, एक झाकलाय, असं चित्र शेवटपर्यंत टोचत राहतं. झाकायचा तर पूर्ण झाका.

यातूनच वेळेचं उत्तर मिळतं. सरासरी साडेतीन सेकंद धरले तर ४० फोटोंना २ मिनिटं २० सेकंद लागतात, आणि ते पुरेसं आहे. पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. पहिले दोन-तीन सावकाश, चार-चार सेकंद. मग शाळेचे, सहलींचे, मित्रांचे सात-आठ फोटो अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला भराभर, आणि त्यानंतर एक मोठा फोटो पडून पाच सेकंद शांतता. संगीत असेल तर ठेक्यावर फोटो टेकायला हवा, निघायला नव्हे. कागद बाराव्या फ्रेमला टेकतो, म्हणजे हालचाल ठेक्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू करावी लागते. प्रत्येक ठेक्याला फोटो टाकायची गरज नाही.

चळतीसाठी एक युक्ती. खालचे फोटो खरे असायची गरज नसते. वरचे दोन-तीन खरे, आणि त्यांच्याखाली नुसते पांढरे कोरे कागद तीन-चार, वेगवेगळ्या कोनांत, प्रत्येकाला सावली. कडा दिसल्या की डोळा जाडी आपोआप धरतो. वरचा फोटो बघून झाला की तो बाजूला सरकवून चळतीच्या खाली घाला.

हे करताना, किंवा पसाऱ्यातला खालचा फोटो पुन्हा वर आणताना, थर बदलायची वेळ अचूक लागते. फोटो दुसऱ्या फोटोखाली असतानाच त्याचा थर बदलला तर तो एका फ्रेममध्ये दुसऱ्याच्या आरपार निघाल्यासारखा दिसतो. आधी त्याला पूर्ण बाहेर सरकवा, कुणालाच न शिवता. त्या मोकळ्या क्षणी थर बदला, आणि मग वरून परत आणा. आईचा फोटो परत दाखवायला मी नंतर हेच केलं होतं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडंसं. प्रोशो हे पूर्वी या कामाचं लाडकं साधन होतं, पण ते बनवणारी फोटोडेक्स कंपनी जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. त्यामुळे नवं काम त्यावर सुरू करू नका. ज्यांना हे काम वारंवार करायचं आहे, त्यांनी पीटीई एव्ही स्टुडिओ शिकावं. त्यात प्रत्येक फोटोला की-फ्रेम (कुठल्या क्षणी तो कुठे, केवढा आणि किती कललेला हे ठरवणाऱ्या खुणा) देता येतात आणि एका अदृश्य चौकटीखाली सगळे फोटो जोडून पूर्ण टेबल एकदम फिरवता, जवळ आणता येतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये ते काम नल ऑब्जेक्ट करतो. मॅकवरच्या फोटोज ॲपमध्ये व्हिंटेज प्रिंट्स नावाची थीम आहे. पाच मिनिटांत ढीग होतो, पण कुठला फोटो कुठे पडेल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि चेहरे झाकले जाण्याचा प्रश्न तिथे सुटत नाही. इमेजमॅजिक या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनाच्या पोलरॉइड पर्यायाने किनार, सावली आणि कागदाचा हलका बाक एका आज्ञेत मिळतो. शेकडो फोटोंना एकसारखी तयारी करायची असेल तर मी तेच वापरते. तुमच्या ४० फोटोंसाठी मात्र पॉवरपॉइंट आणि मॉर्फ पुरेसे आहेत.

पूर्ण झाल्यावर ज्या मशीनवर आणि ज्या प्रोजेक्टरवर शो होणार आहे, तिथेच दोनदा चालवून बघा. एकदा फक्त चेहऱ्यांकडे लक्ष द्या, एकदा फक्त सावल्यांकडे. बऱ्याच प्रोजेक्टरवर गडद राखाडी आणि काळा एकच होतात, मग सावल्या पुन्हा गायब होतात. तसं झालं तर बॅकग्राउंडचे आकडे ९०–११० वरून १३० पर्यंत वाढवा.

शेवटचा फोटो पडल्यावर सहा-सात सेकंद काहीही हलवू नका. त्यानंतर पडदा अंधारात न्यायचा असेल तर फोटो एकेक करून फेड करू नका. वरचा फोटो अर्धा पारदर्शक झाला की खालचे त्याच्यातून दिसायला लागतात, आणि सगळ्या चेहऱ्यांची एकमेकांत सरमिसळ होते. त्याऐवजी सगळ्यांच्या वर पूर्ण पडद्याएवढा काळा चौकोन ठेवा आणि तो दोन-अडीच सेकंदांत शून्यावरून १०० टक्क्यांवर आणा. ढीग जसाच्या तसा राहतो, फक्त वरचा दिवा मालवत जातो.